अधिकाचे चिन्ह

गणितातल्या साऱ्या चिन्हांत अधिकाचे चिन्ह मला पहिल्यापासून सालस वाटत आले आहे. वजाबाकीच्या चिन्हाला नेहमी काहीतरी हिरावून घ्यायचे असते. भागाकाराच्या मागे वाटण्यांची कटकट लागलेली असते. गुणाकार तर थोडासा बढाईखोरच! अधिकाचे चिन्ह मात्र दोघांच्या मधोमध बसून त्यांचे जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखे. उभी एक रेघ, आडवी एक रेघ. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात. मुरबाड तालुक्यातल्या शाळांतून मी चौतीस वर्षे गणित शिकवले, पण या चिन्हाचा स्वभाव तपासून पाहावा असे मला कधी वाटले नाही. दोन अधिक दोन चार. त्यात तपासायचे ते काय?

तसे पाहिले तर रोजच्या संसारातच हे चिन्ह घरोघरी वेगळे वागत असते. दिवाळीत लाडवांसाठी दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून पाक करायला घ्या. तीन वाट्या पाक कधीच होत नाही. साखर पाण्यात विरघळते आणि बेरीज आखडते. सकाळी दहाला निघालेला माणूस पाच तासांनी तीन वाजता पोचतो. दहा अधिक पाच तीन, आणि त्यात कुणालाच काही चुकल्यासारखे वाटत नाही. माझ्या आजीच्या हिशेबात आठ आणे अधिक आठ आणे म्हणजे एक रुपया, आठ शेर अधिक आठ शेर म्हणजे चार पायल्या, आणि आठ महिने अधिक आठ महिने म्हणजे एक वर्ष नि वर चार महिने. आकडे तेच, चिन्ह तेच. उत्तरे मात्र निरनिराळी. आजी पाटीला हात न लावता ही सारी उत्तरे देई, कारण अधिक करण्यापूर्वी ती एक गोष्ट न चुकता पाही: चिन्हाच्या दोन्ही बाजूंना काय आहे?

ही गोष्ट आमच्याकडे एरवी शिकायला मिळे ती म्हशाच्या बाजारात. म्हसा हे मुरबाड तालुक्यातले गाव. पौष पौर्णिमेला तिथे जी यात्रा भरते, ती बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी त्या बाजारात हिंडत असे. मला बैलांपेक्षा सौद्यांचे कुतूहल अधिक. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे हात हातात घेत, वर रुमाल टाकत, आणि मग त्या रुमालाखाली बोटांची काही विलक्षण भाषा चाले. तोंडाने गप्पा पावसापाण्याच्या. भाव ठरे तो बोटांनी. एक बोट दाबले की एक, पाची बोटे धरली की पाच. पण ते पाच दहांचे, की शंभरांचे, की हजारांचे, हे बोट सांगत नसे. ते समोर उभा असलेला बैल सांगत असे. गोऱ्ह्यापाशी त्या बोटाचा अर्थ एक आणि पाणीदार जोडीपाशी दुसरा. बोट तेच, पण जनावराप्रमाणे त्याची किंमत बदले. आणि ज्यांना बाजार ठाऊक आहे, त्यांच्यात यावरून भांडण होत नसे.

संगणकाच्या भाषा लिहिणाऱ्या लोकांनी नेमक्या याच प्रकाराला एक भारदस्त नाव दिले आहे. ते म्हणतात ‘ऑपरेटर ओव्हरलोडिंग’. ऑपरेटर म्हणजे अधिक, वजा, लहान-मोठे दाखवणारी चिन्हे. आणि ओव्हरलोडिंग म्हणजे एकाच चिन्हावर अनेक अर्थांचे ओझे लादणे. संगणकाच्या भाषेला काही वस्तू जन्मापासून ठाऊक असतात: पूर्णांक, दशांशाचे आकडे, अक्षरांची ओळ. यांना अंगभूत प्रकार म्हणावे. त्यांच्यात अधिकाचे चिन्ह कसे वागेल हे भाषेने आधीच ठरवलेले असते. बहुतेक भाषांत दोन आकड्यांमध्ये ते चिन्ह घातले तर बेरीज होते, पण अक्षरांच्या दोन ओळींमध्ये घातले तर त्या ओळी एकापुढे एक चिकटतात. ‘राम’ अधिक ‘दास’ म्हणजे ‘रामदास’. ठीक आहे, नावांची बेरीज अशीच व्हायची. पंचाईत होते ती आकडा अक्षरांचा वेष घेऊन येतो तेव्हा.

ही पंचाईत मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या वाडीत बायकांचा एक बचत गट आहे. इकडची शेती पावसावरच्या भाताची. कापणी-झोडणी आटोपली की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. जाण्यापूर्वी हाताशी चार पैसे असावेत, दुखण्याखुपण्याला सावकाराचे दार धरावे लागू नये, म्हणून या बाया आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकतात. हिशेब एका जाड वहीत. माझी पुतणी कल्याणला संगणकाचेच काम करते. तिने हौसेने गटासाठी मोबाइलवर चालेल असा हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला. पहिल्या आठवड्यात सारे सुरळीत झाले. दुसऱ्या आठवड्यात एका बाईने बचतीचे शंभर, कर्जाच्या हप्त्याचे पाचशे आणि उशिराच्या दंडाचे दहा रुपये भरले. पडद्यावर एकूण जमा उमटली: १००५००१०.

खजिनदार काकूंनी चष्मा वर केला, तो आकडा उजवीकडून एकं-दहं करत मोजला आणि म्हणाल्या, “अगं पोरी, एक कोटी पन्नास हजार दहा रुपये जवळ असते तर मी इथं सारवलेल्या अंगणात कशाला बसले असते?”

सगळ्या हसल्या. पुतणीही हसली, काय झाले ते तिला चटकन उमगले होते. रकमा लिहायच्या चौकटीत जे टाइप करावे ते त्या भाषेपर्यंत अक्षरे म्हणून पोचते. तिने जी भाषा वापरली होती ती जावास्क्रिप्ट, १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा उभा केला ती. अक्षरे दिसताच तिथले अधिकाचे चिन्ह बेरीज सोडून चिकटवण्याच्या कामाला लागते. गंमत अशी की वजाचे चिन्ह तसे करत नाही. अक्षरांतून अक्षरे वजा करण्याला काही अर्थ नाही, म्हणून ते मुकाट्याने त्यांचे आकडे करून घेते. त्यामुळे कर्जाची बाकी बिनचूक निघत होती आणि जमा तेवढी बिघडत होती. पहिल्या आठवड्यात कुणाचा हप्ताही नव्हता नि दंडही नव्हता. त्या दोन्ही चौकटी रिकाम्या. रिकाम्याला शंभर चिकटवले तरी शंभरच होतात, म्हणून तेव्हा कुणाला संशयही आला नाही.

पण एक कोटीची चूक ही खरे तर प्रामाणिक चूक. ती आपण होऊन ओरडून सांगते. दुसरी एक चूक त्याच प्रोग्राममध्ये मुकाट्याने बसली होती. गटाचा नियम असा की, जिची बचत सर्वांत जास्त, तिला कर्जाची पहिली पाळी. एका बाईचे बाराशे जमले होते, दुसरीचे नऊशे. मोठे-लहान ठरवणारे चिन्हही अक्षरे पाहिली की शब्दकोशासारखे वागते, पहिल्या अक्षरावरून क्रम लावते. नवाचा आकडा एकाच्या पुढचा, म्हणून नऊशे वर आणि बाराशे खाली! बाराशेवाली काही बोलली नाही. मोबाइलमध्ये आले आहे म्हणजे बरोबरच असणार, असे तिने धरले असावे. पुढच्या आठवड्यात ती बैठकीला आलीच नाही. काकूंनी वही उघडली, नावे ताडून पाहिली आणि स्वतः तिच्या दारी जाऊन तिला घेऊन आल्या. त्या दिवशी पाळी फिरवली गेली. पण मला राहून राहून वाटत राहिले की, काकूंची जाड वही नसती तर? बारा आठवड्यांची तिची बचत एका चिन्हाच्या स्वभावापायी मागे पडली असती आणि चिन्हाला त्याची खबरही नसती.

मी पुतणीला म्हटले, “अगं, मग त्या अधिकालाच एकदा दटावून ठेव ना, की समोर कुणीही येवो, तू आपली बेरीजच करायची!”

“काका, तसं त्या भाषेत करताच येत नाही,” ती म्हणाली. “आणि करता आलं असतं तरी मी केलं नसतं. त्याच चिन्हानं कुणीतरी नाव आणि आडनाव जोडत असेल. माझा हिशेब सुधारायला जाऊन मी त्यांचं बिघडवायचं का?”

या उत्तराने माझ्यातला मास्तर जागा झाला. मग चार संध्याकाळी मी तिच्याकडून शिकवणी घेतली. बियार्ने स्ट्रूस्ट्रूप या डेन्मार्कच्या गृहस्थांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७९ साली एक भाषा रचायला घेतली. १९८३ साली तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. म्हणजे नावातच अधिकाची दोन चिन्हे! त्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोठे स्वातंत्र्य दिले. तुम्ही स्वतःचा नवा प्रकार घडवा, संमिश्र संख्या घ्या, तारखा घ्या, हवे ते घ्या, आणि त्यांच्यात अधिकाने काय करावे ते तुम्हीच ठरवा. मात्र एक अट घातली. चिन्हाच्या निदान एका बाजूला तुम्ही घडवलेली वस्तू हवी. दोन्ही बाजूंना भाषेचे अंगभूत पूर्णांक असतील, तर तिथे तुमचा हुकूम चालणार नाही. दोन अधिक दोनचे पाच करण्याची मुभा कुणालाही नाही. भाषा वाढवता यावी, पण तिचे मूळ कुणाला बदलता येऊ नये, असा त्यामागचा विचार होता.

मला एकदम म्हशाचा बाजार आठवला. तिथेही नवे काही जनावर विकायला आणले, तर दोघांनी आधी बोलून बोटाचा भाव ठरवावा. पण बैलांच्या सौद्यात रुमालाखाली हात घातल्यावर कुणी म्हणू लागला, की माझे एक बोट म्हणजे दोन, तर त्याचा एक सौदा साधेल कदाचित. पण मग त्या बाजारात कुणाच्याच बोटाला अर्थ उरणार नाही.

सर्वांनाच हा मधला मार्ग पटला असे नाही. जेम्स गॉस्लिंग यांनी १९९५ साली जगापुढे आलेल्या जावा भाषेत लोकांना हे स्वातंत्र्य दिलेच नाही. सी प्लस प्लसमध्ये त्याचा गैरवापर फार पाहिला, असे त्यांचे म्हणणे. मात्र अक्षरे जोडण्यासाठी अधिकाचा दुसरा अर्थ त्यांनी स्वतःपुरता राखून ठेवला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना चहा बंद करावा आणि आपण कपभर घ्यावा, तसेच हे! याच्या उलट जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची रूबी ही भाषा, तीही १९९५चीच. तिथे पूर्णांकांमधल्या अधिकाचा अर्थसुद्धा वाटेल त्याने बदलावा. इतका मोकळेपणा काही सुंदर गोष्टी घडवतो हे खरे. पण एकाने बदललेला अर्थ साऱ्या प्रोग्रामभर पसरतो. म्हणून पुढे २०१३ साली रूबीतच अशा बदलाला कुंपण घालून तो ठरावीक आवारापुरता ठेवण्याची सोय आली.

हे सारे ऐकताना मला मात्र आपले भास्कराचार्य आठवत होते. त्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तिच्यात बेरीज, वजाबाकीपासून घनमुळापर्यंत आठ कृत्ये सांगितली आहेत, ती परिकर्माष्टके. ही आठ कृत्ये ते आधी पूर्णांकांची सांगतात. मग तीच आठ अपूर्णांकांची. मग तीच शून्याची. ‘बीजगणिता’त तर धन-ऋण, शून्य, अव्यक्त आणि करणी यांची कृत्ये वेगवेगळी, क्रमाने मांडली आहेत. करणी म्हणजे ज्या संख्येचे वर्गमूळ पुरते निघत नाही ती. करणी दोन आणि करणी आठ यांची बेरीज करणी दहा होत नाही. ती करणी अठरा होते. चिन्हाच्या बाजूची वस्तू बदलली, तेव्हा आचार्यांनी रीत बदलली. आणि बदलली ती उघड सांगून. अव्यक्तांच्या बाबतीत तर त्यांचा दंडक असा की, सजातीयांची बेरीज-वजाबाकी करावी, विजातीय असतील ते शेजारी शेजारी वेगळेच ठेवावेत. बळेच एकत्र करू नयेत आणि चिकटवूही नयेत. पुतणीच्या प्रोग्रामला हाच एक दंडक हवा होता! या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. म्हणजे ही विद्या परकी नाही; आपल्याच मातीतली आहे.

आणि आचार्यांचे मोठेपण मला आणखी एका गोष्टीत दिसते. अपूर्णांकांची रीत सांगताना त्यांनी पूर्णांकांची रीत मोडली नाही. चारचे एकछेद चार आणि तीनचे एकछेद तीन करून नव्या रीतीने मिळवा. उत्तर सातच येते. जुन्या पाहुण्याला न उठवता नव्यासाठी पाट मांडावा, तसे हे.

चिन्हात स्वतःचे असे काही नसते, हे मी शिकवणीत आणखी एकदा शिकलो. पेशावरजवळ बख्शाली या गावी १८८१ साली एक जुने हस्तलिखित सापडले. त्यात ऋण संख्येपुढे जी खूण केली आहे, ती हुबेहूब आपल्या आजच्या अधिकासारखी दिसते! एकाचे अधिक ते दुसऱ्याचे उणे. चिन्हाला अर्थ येतो तो माणसांच्या आपसातल्या ठरावाने, म्हणून तो ठराव मोडताना फार सांभाळावे लागते.

असे सांभाळणे आपल्या देशाने एकदा केले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे चौसष्ट पैसे होते, ते शंभर झाले. ‘पैसा’ हाच शब्द ठेवला असता, तर बाजारात रोज डोकी फुटली असती. म्हणून नव्या नाण्याला ‘नया पैसा’ म्हटले. सात वर्षे लोकांच्या जिभेला सवय होऊ दिली आणि १९६४ साली ‘नया’ गळून पडला. पायथन या संगणकभाषेनेही असेच केले. तिच्यात पूर्वी सात भागिले दोन तीन येत. कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच द्यायचा, अशी जुन्या काळापासून चालत आलेली चाल. ती बदलून साडेतीन करायची असे २००१ साली ठरले. पण सरसकट अंमल आला तो २००८च्या नव्या आवृत्तीत, आणि जुन्या आवृत्तीची देखभाल २०२०पर्यंत चालू ठेवली. भाषेच्या कर्त्यांनासुद्धा अंगभूत आकड्यांमधल्या एका चिन्हाचा अर्थ बदलायला इतकी वर्षे थांबावे लागले! आपण मात्र घरात, कचेरीत, सभेत नित्याच्या शब्दांचे अर्थ परस्पर बदलून मोकळे होतो. ‘उद्या देतो’ यातला ‘उद्या’ कुणाच्या पंचांगातला असतो, हे घेणेकऱ्याने ओळखायचे.

पुतणीने पुढे तो प्रोग्राम पायथनमध्ये नव्याने लिहिला. अंगभूत अधिकाला तिने हात लावला नाही. ‘रक्कम’ नावाचा स्वतःचा प्रकार घडवला. त्यात पैसे पूर्णांकांत साठवायचे, रकमेत फक्त रक्कम मिळवायची, आणि लहान-मोठे ठरवायचे तेही रक्कम म्हणूनच. गट मसालाही विकतो, म्हणून ‘वजन’ असा दुसरा प्रकार केला. रकमेत वजन मिळवायला गेले की प्रोग्राम काही न चिकटवता थांबतो आणि मराठीत सांगतो: ‘ही बेरीज होत नाही.’ काकूंना त्यातले हे थांबणेच फार आवडले. “ज्याला नाही म्हणता येतं,” त्या म्हणाल्या, “त्याच्याच हिशेबावर विश्वास ठेवावा.”

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला गटाने वहीपूजन केले. पाटावर ती जाड वही आणि तिच्या शेजारी मोबाइल. दोघांनाही हळदकुंकू वाहिले. बाराशेवाली तेव्हा समई लावत होती. तिच्या कर्जाचे तीन हप्ते फिटले होते आणि ते दोन्हीकडे सारखेच मांडलेले होते. काकूंनी मात्र पूजा आटोपल्यावर वही कपाटात ठेवली नाही. पुढच्या आठवड्याला लागेल म्हणून ती पिशवीतच राहू दिली.